सभागृहाखालची विहीर

दाम्या, तू बांधलेल्या सभागृहात पहिली शोकसभा झाली ती तुझीच. खुर्च्यांवरचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालेलं नव्हतं. आपल्या बॅचमधले जमतील तेवढे आले. कुणी नाशिकहून, कुणी पुण्याहून, आणि फौजेत असलेला आपला एकजण रजा जोडून थेट जम्मूहून. तुझा फोटो लग्नातला होता. फेटा कापून चेहरा मोठा केलेला, त्यामुळे कपाळ अर्धंच उरलं होतं. प्राचार्य बोलले, संस्थेचे दोघे बोलले. 'नव्या वास्तूचा शिल्पकार' असं काहीतरी म्हणाले तुला. मग मला उठवलं. मी माईकपाशी गेलो, दोन वाक्यं बोललो आणि परत जागेवर येऊन बसलो. शेजारच्यानं पाठीवर हात ठेवला. त्याला वाटलं, मला रडू आलं. तसं नव्हतं. मी उभा होतो त्या फरशीखाली काय आहे ते मला आठवत होतं, आणि ते बोलायची ती जागा नव्हती.

आपलं भांडण अर्धं राहिलंय. ते कुणापुढे मांडू? म्हणून तुलाच सांगतोय.

आपण पाचवीत तिथं गेलो तेव्हा शाळा म्हणजे एक माळ होता. किन्हवलीच्या पुढे, मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यापासून जरा आत. नव्वदीचा सुरुवातीचा काळ. कुणा संस्थेनं सैनिकी शाळा काढली, तालुक्यातली पोरं घेणार, राहायला-जेवायला तिथंच, एवढं ऐकून माझ्या बापानं मला शहापूरहून आणून सोडलं आणि तुझ्या बापानं तुला डोळखांबकडच्या पाड्यावरून. तुझ्या हातात पत्र्याची ट्रंक नव्हती, गोणपाटात गुंडाळलेली गोधडी होती. तू मला पहिल्यांदा विचारलंस ते अजून आठवतं. "हितं रात्री भात देतात ना रे? का नुसती पोळीच?"

पत्र्याच्या तीन लांब शेड. एकीत झोपायचं, एकीत शिकायचं, एकीत जेवायचं. उन्हाळ्यात पत्रा तापला की आपण खाटेखाली जाऊन झोपायचो. बूट सगळ्यांचे एकाच मापाचे आणले होते की काय कोण जाणे. तुझे सैल, माझे घट्ट, आणि अदलाबदल करायची परवानगी नाही. सकाळी परेड, संध्याकाळी दगड वेचणं. परेडचं मैदान आपणच वेचून वेचून सपाट केलं. कवायत शिकवायला फौजेतून निवृत्त झालेले हवालदार होते, त्यांना आपण उस्ताद म्हणायचो. पाण्याचा टँकर यायचा, आणि एखाद्या दिवशी यायचाच नाही. त्या दिवशी उस्ताद म्हणायचे, "तानसाचं पाणी मुंबईला, भातसाचं पाणी मुंबईला. तुमच्या तालुक्यातनं जातंय आणि तुम्ही तोंड न धुता परेडला येताय. पाहिजे तर खणा."

आपण विहीर खणली. सातवीच्या आणि आठवीच्या अशा दोन उन्हाळ्यांत. सुरुंग लावायला माणसं बाहेरची, पण दगड-मुरूम वर काढायला आपण. खालपासून वरपर्यंत रांग, घमेलं हातावर हात. तू खाली, कारण तू काटक. मी वर, कारण मला खोल बघितलं की गरगरायचं. एका दुपारी खालून तू मला हाक मारलीस, "भाल्या, पाय भिजला." सगळे कठड्याकडे धावले. बोटभर पाणी होतं, राखाडी, मुरमाचं. उस्तादांनी ते ओंजळीत घेऊन डोक्याला लावलं. मला आयुष्यात नंतर बऱ्याच गोष्टी मिळाल्या. नोकरी मिळाली, घर झालं. पण हे आपण केलं असं छाती काढून सांगावं असं मी दुसरं काही केलेलं नाही. हे तुला माहीत होतं. म्हणून तर भांडण.

आणि मग रघू.

तू त्याचं नाव घ्यायचा नाहीस, मी घेतलं की उठून जायचास. आज बस. रघू टोकावड्याच्या बाजूचा, आपल्याच बॅचचा. बारीक, हसरा, नकला करणारा. उस्तादांची चाल तर अशी करायचा की खुद्द उस्ताद तोंड फिरवून हसायचे. नववीत होतो आपण. उन्हाळ्यातला रविवार. वीज गेली होती, पंप बंद, म्हणून मेसला पाणी दोरानं काढत होतो. बादली मधल्या कातळाच्या पायरीत अडकली. रघू कठड्यावर पोटावर पडला, दोर हलवायला पुढे वाकला आणि गेला. डोकं कातळाला लागल्याचा आवाज मला आला. तुलाही आला असणार. आम्ही सगळे ओरडत होतो आणि तू दोर धरून उतरलासुद्धा होतास. कुणी तुला सांगितलं नव्हतं. खाली बराच वेळ काही कळेना. मग तू दोर हलवलास, आम्ही ओढला, आणि दोराला बांधलेला रघू वर आला. तुला वर घेतलं तेव्हा तुझ्या तळहातांची सालं निघालेली होती. तू काहीच बोलला नाहीस. दवाखान्यात रघूला नेईपर्यंत सगळं संपलेलं होतं, हे आपल्याला संध्याकाळी सांगितलं.

विहिरीवर लोखंडी जाळी बसली. पाणी तेच पीत राहिलो. तू पीत नव्हतास, हे मला फार दिवसांनी लक्षात आलं. तू मेसच्या मागच्या टँकरच्या टाकीतलं प्यायचास.

दहावीनंतर वाटा फुटल्या. फौजेत जायचं स्वप्न दोघांचंही होतं. मी डोळ्यांच्या तपासणीत गळलो, तू गेलाच नाहीस भरतीला. मी डी.एड. करून मुरबाडला जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर झालो. तू स्थापत्यचा डिप्लोमा केलास, ठेकेदारांकडे साइटवर राहू लागलास. आणि मग एक दिवस मोटरसायकल लावून माझ्या वर्गाच्या दारात उभा. "मास्तर, आपल्या शाळेचं काम माझ्याकडं आलंय. सगळंच नवं करायचंय." तुझा चेहरा इतका उजळलेला मी लग्नातही पाहिला नव्हता.

खरंच सगळं नवं केलंस. जिथं पळसाखाली एस.टी.ची वाट बघायचो तिथं कमान आली. भोवती भिंत आली. पत्र्याच्या शेड गेल्या, तीन मजली वसतिगृह आलं, पोरांना खाटेखाली झोपावं लागत नाही. अडथळ्यांच्या शर्यतीचं मैदान पाडून बसगाड्या लावायची जागा झाली, रांगायची ती चरी बुजली, दोर चढायचा तो खांब गेला. ध्वजस्तंभ हलला. हे सगळं मी गिळलं. पोरांची सोय झाली, वाईट काय वाटून घ्यायचं? पण एका दुपारी तू मला नकाशा दाखवलास आणि बोट ठेवून म्हणालास, "हितं सभागृह." मी म्हणालो, "इथं विहीर आहे."

"बुजवायची."

मला वाटलं, वरून हुकूम आलाय. मी म्हणालो, आपण बॅचतर्फे अर्ज देऊ, प्राचार्यांना भेटू. तू म्हणालास, "अर्ज कशाला? जागा मीच सुचवलीय."

आपण विहिरीपाशीच उभे होतो. जाळी गंजलेली, आत कबुतरं. मी बोलत सुटलो. कॉलम विहिरीवर येऊ नयेत म्हणून तू त्यांची जागा बदलली होतीस, ते नकाशात दिसत होतं. मी म्हणालो, "कॉलम सरकवतोस, तर सभागृहच पंधरावीस हात सरकव की."

"कॉलम सरकतात. हॉल नाय सरकत."

"उन्हाळ्यात पाणी कुठून आणशील?"

"बोअर मारल्यात दोन."

"बोअर आटतात, दाम्या. ही कधी आटली नाही. आणि ही आपण खणलीय रे. या सगळ्या माळावर आपल्या हातचं हे एवढंच उरलंय."

तू जाळीतून खाली बघितलंस. मग म्हणालास, "तू खणलीस. मी उतरलेलो."

आणि मोटरसायकलला किक मारून निघून गेलास. तेवढंच. नंतर मी तुझ्या साइटवर आलो नाही, तूही माझ्या शाळेकडे फिरकला नाहीस. डंपर येऊन दगड आणि मुरूम टाकून गेल्याचं मला शाळेच्या शिपायाकडून कळलं. विहीर भरायला किती दगड लागले याचंच त्याला नवल वाटत होतं.

गेल्या थंडीत माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला तेव्हा भेट झाली. कितीतरी जण दहावीनंतर प्रथमच येत होते. कमानीतून आत आले आणि लहान पोरांसारखे हरवले. कुणाला आपली शेड सापडेना, कुणाला मेस. तेव्हा तू पुढे झालास. पांढरा शर्ट, हातात काही नाही. सगळ्यांना घेऊन फिरलास. "ह्या पायऱ्या चढलो ना, तिथं आपला वर्ग. त्या नळाच्या जागी उस्ताद बसायचे. मैदानाचा हा कोपरा तोच आहे, हात लावला नाय." माणसं त्या त्या जागी उभी राहून फोटो काढत होती. गुळगुळीत फरशीवर उभं राहून एकमेकांना मुरूम दाखवत होती. सभागृहाच्या दारात कुणीतरी विचारलं, "आणि आपली विहीर?" तू म्हणालास, "बुजली," आणि सगळ्यांना चहाकडे घेऊन गेलास. मी मागे राहिलो. तू एकदा वळून पाहिलंस. मी तुझ्याकडे बघतोय हे तुला दिसलं. आपण दोघांनीही काही केलं नाही.

पावसाळा सरता सरता तुला कावीळ झाल्याचं कळलं. पाड्यावर झाडपाल्याचं औषध झालं, मग शहापूर, मग ठाण्याचं सरकारी रुग्णालय. मी आलो तेव्हा तुझे डोळे हळदीसारखे झाले होते. मंदावहिनी स्टुलावर बसून होती, पोरगी तुमच्या पाड्यावर आजीकडे. वहिनीला म्हणालास, "हा माझ्या शाळेतला. ह्याला खोल बघितलं की चक्कर येते." आपण क्रिकेटवर बोललो. कसाऱ्याच्या घाटातल्या रस्त्याच्या कामावर बोललो. बरा झालास की तिकडं साइट मिळणार होती. तू मला विचारलंस, आता पोरांना अ आ ई शिकवताना छडी लागते का. मी नाही म्हणालो. तू म्हणालास, "म्हणून शिकत नसतील." निघताना मी म्हणालो, पुढच्या रविवारी येतो. पुढच्या रविवारी तू नव्हतास.

विहिरीचा विषय आपण काढला नाही. मला वाटलं, आजारी माणसापुढे कशाला. तुला काय वाटलं ते मला माहीत नव्हतं. आता थोडंसं माहीत आहे.

शोकसभा संपली, सगळे बाहेर आले. दाराशेजारी भिंतीला टेकून एक म्हातारी बसली होती. हिरवं लुगडं, पायात काही नाही. आत आलीच नव्हती. मला वाटलं तुझ्या पाड्यावरची कुणी असेल. मी विचारलं, "आजी, कुणाबरोबर आलात?"

"एकलीच आलेय. एस.टी.नं." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "माईकवर मास्तर म्हनून तुलाच उठवलं ना? हीर ठेवा म्हननारा तूच?"

मी हो म्हणालो. ती म्हणाली, "मी रघूची आई."

मी तिला ओळखलं नव्हतं, दाम्या. शाळेत असताना एकदाच पाहिली होती, त्या संध्याकाळी, आणि तेव्हा तिच्याकडे बघायचं धैर्य कुणाला होतं? परतीची एस.टी. संध्याकाळची होती. मी म्हटलं, मी मोटरसायकलवर सोडतो. सरळगावपर्यंत ती मागे बसून होती, माझ्या खांद्याला धरून. टोकावड्याच्या अलीकडे चहा प्यायला थांबलो तेव्हा बोलू लागली.

तू दर दिवाळीला तिच्याकडे जायचास. दहावी झाल्यापासून एकही दिवाळी चुकवली नाहीस. मला, आपल्यातल्या कुणालाही याचा पत्ता नव्हता. लाडू घेऊन जायचास, घर शाकारायचं असलं तर शाकारून यायचास. पण त्याबद्दल, त्या दिवसाबद्दल, तोंडातून शब्द काढायचा नाहीस. ती म्हणाली, "मी पन कदी इचारलं नाय. पोर येतंय, जेवतंय, बस."

मग ज्या वर्षी तू नकाशा काढलास त्या वर्षी तू दिवाळीच्या आधीच गेलास. म्हणालास, "आई, ती हीर हाय ना, तिचं काय करू?" आणि मग तू तिला दोन्ही बाजू सांगितल्यास. मास्तर म्हणतो ठेव. म्हणतो, आपल्या हातची आहे, आटत नाही, पोरांना पाणी लागेल. तो खोटं बोलत नाय, असं म्हणालास. माझं एकही वाक्य तू गाळलं नव्हतंस, दाम्या. तिनं मला सगळी ऐकवली. मी तुझ्याशी भांडताना तुझी बाजू कधी कुणाला सांगितली नाही, आणि तू माझी बाजू तिच्या चुलीपुढे बसून मांडलीस.

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"ठेव म्हनले. पान्यानं काय पाप केलंय? लोकांची पोरं पानी पितील, पिऊ दे."

मी चहाचा कप खाली ठेवला. म्हणजे मी जिंकलो होतो. एवढे महिने मी ज्या उत्तराची वाट बघत होतो ते हेच होतं, आणि ते ज्याला ऐकवायचं तो राहिला नव्हता.

पण ती थांबली नव्हती. म्हणाली, "मंग तो रडाय लागला. येवढा मोठा बाप्या. म्हनला, आई, मी खाली गेलो तवा रघू जित्ता व्हता. त्यानं माझा शर्ट धरला व्हता. घट. दोर बांदायचा तर त्याचा हात सोडवाया लागला. मी सोडवला. बांदून होईस्तवर तो गेला."

रस्त्यावरून गाड्या जात होत्या. मला तिच्याकडे बघवेना. ती मात्र अगदी शांत होती, जणू हे तिच्याकडे पुष्कळ दिवस राहून गुळगुळीत झालं होतं.

"मी त्याला म्हनले, बाबा, तुजा शर्ट धरून गेला ना? मंग माजा पोर एकला नाय गेला. मला इतकी वरसं वाटायचं, अंधारात एकला व्हता. नव्हता. तू व्हतास." मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "आनि म्हनले, तुला तिच्याजवळनं चालवत नसंल तर बुजव. हीर परत खनता येते."

दाम्या, दोर मी ओढत होतो. वर सगळ्यांच्या पुढे मीच होतो. आणि तो शर्ट, खाकी, छातीपाशी चुरगळलेला, तू वर आलास तेव्हा मी पाहिला असणार. त्यावरून काही ओळखलं नाही. एवढी वर्षं आपण एकाच मेसमध्ये जेवलो, एकाच खाटेखाली झोपलो, आणि तू ते धरून बसला होतास. तू मला सांगायला हवं होतंस, असं म्हणावंसं वाटतं. पण सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं? पाठीवर थाप मारून 'तुझा काय दोष' म्हणालो असतो. ते तुला नको होतं. जिला ते सांगायचं होतं तिलाच तू सांगितलंस, आणि तिनं ते घेतलं. माझ्यानं ते झालं नसतं.

तिला घराशी सोडलं. कुडाचं घर, नुकतंच शाकारलेलं. कुणी शाकारलं ते विचारलं नाही. आत जाऊन तिनं पाणी आणलं. म्हणाली, "दिवालीला तो येयाचा. तुला जमलं तर ये. नाय जमलं तरी काय नाय."

जमेल, म्हणालो.

तुला खरं सांगू? विहीर ठेवायला हवी होती, हे मी आजही म्हणतो. गेल्या मे महिन्यात तुझ्या दोन्ही बोअर आटल्या, शाळेत पुन्हा टँकर आला. रुग्णालयात तू बरा दिसलास तर हे तुला ऐकवायचंच असं ठरवून आलो होतो. तू म्हणाला असतास, गप रे मास्तर. मी गप बसलो नसतो. तू चिडला असतास, मग दोघं फाट्यावर जाऊन भजी खाल्ली असती आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच. तेवढं तरी मिळायला हवं होतं आपल्याला. म्हातारे होईपर्यंत भांडायला पुरलं असतं.

दिवाळीला मी जाईन. ती तुझ्याबद्दल बोलेल, रघूबद्दल बोलेल, मी ऐकेन. विहिरीवरून तिच्याशी वाद घालणार नाही. तो तुझ्याशी होता, तो तुझ्यापाशीच राहू दे.